नायकुंडची लोहभट्टी आणि ‘वितळविणे’ हे क्रियापद

नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन वसाहतीतील एक लोहभट्टी उजेडात आली. तिचा काळ इ. स. पू. ७०० च्या सुमाराचा मानला जातो. मराठीत अशा भट्टीस सर्रास ‘लोखंड वितळविण्याची भट्टी’ म्हटले जाते. हे वर्णन नुसते सैल नव्हे, चुकीचे आहे.

शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारे १५४० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कोळसा व भाता यांवर चालणाऱ्या अशा लहान भट्टीत सर्वसाधारणपणे १२०० अंशांच्या आसपास काम होई. कोळशापासून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू काढून घेई आणि लोखंड घनरूपातच, सच्छिद्र गोळ्याच्या रूपाने, मागे राही. वितळे ते लोहकीट. म्हणजे खनिजातील दगडमाती आणि तिच्याशी संयोग पावलेला लोहाचा काही अंश. ‘वितळविणे’ या शब्दावर विसंबणारा अभ्यासक मात्र खड्ड्यात लोहरसाचे साचे शोधू लागतो आणि खरा पुरावा टाकाऊ म्हणून बाजूस सारतो.

नायकुंडची भट्टी वर्तुळाकार, जेमतेम ३० सेंटिमीटर व्यासाची आहे. मातीच्या विटांची ती रचना, हवा फुंकण्याच्या नळ्या आणि लगतचे लोहकीट ही तिची साक्ष होय. यांपैकी भाता व नळी लोहाराच्या साध्या शेगडीसही लागतात. तेवढ्यावरून खनिजापासून लोखंड काढले जात होते, असा निष्कर्ष निघत नाही. किटाचे प्रमाण व घटकच येथे निर्णायक ठरतात. म्हणूनच अहवालाबरोबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले गोगटे यांचे रासायनिक विश्लेषण परिशिष्टवजा न मानता प्रतिपादनाचा गाभा मानावयास हवे.

या क्रियेस ‘गाळणे’ हे जुने क्रियापद अधिक शोभते. पाणी गाळतात, दारूही (तीही भट्टीवरच) गाळतात; दोन्हीकडे हवे ते नको त्यापासून वेगळे करणे हाच अर्थ आहे. सोनेनाणे गाळताना धातू वितळतो हे खरे, त्यामुळे ही संज्ञा सर्वस्वी निर्दोष नाही. तथापि भट्टीतून निघालेल्या गोळ्यात कीट उरतेच. तो पुन्हा तापवून ऐरणीवर ठोकला म्हणजे ते बाहेर पडते. ‘गाळणे’ या शब्दात ही ठोकणीही सामावते, ‘वितळविणे’ यात ती बसत नाही.