बंदुकीचे तक्ते आणि न काढलेले हात

एनसीसीच्या वेपन ट्रेनिंगच्या तासाला भिंतीवर टांगलेला पॉइंट टू-टू रायफलीचा तक्ता मिरज-सांगलीकडच्या कितीतरी पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे. आडवी रायफल, तिच्यापासून निघालेले बाण आणि बाणांच्या टोकांशी नावे: बट, बोल्ट, ट्रिगर गार्ड, मॅगझिन, बॅकसाइट, फोरसाइट. खाली कोष्टक असते. लांबी 43 इंच, वजन 6 पौंड 2 औंस, मॅगझिनमध्ये 5 गोळ्या. कॅडेट हे पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि 'ए', 'बी', 'सी' प्रमाणपत्रे मिळवतात. तक्ता बहुतेक वेळा नीटनेटका असतो, अक्षर सुबक असते. मात्र त्यावर हात नसतो. रायफल कुणीच धरलेली नसते, ती कुणाकडे रोखलेली नसते, तिच्यापुढे जमीन नसते आणि मागे माणूस नसतो.

शस्त्रसुरक्षेची चित्रे आपल्याकडे इथेच थांबली आहेत, असे माझे मत आहे. ही चित्रे शस्त्राची ओळख करून देतात. अपघात होतो तो शस्त्र आणि हात यांच्यामध्ये, एका कृतीतून दुसऱ्या कृतीकडे जाताना, आणि ती जागा कागदावर कोरी राहते.

या भागात हा विषय किरकोळ मानता येणार नाही. तासगाव तालुक्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. साताऱ्याची सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी सुरू झाली, ती देशातली पहिली. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फौजेला नेमबाजी शिकवणारे मस्केट्री स्कूल साताऱ्यात होते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. शिवाय पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, बँकांच्या दारावर दुनळी घेऊन उभे असलेले माजी सैनिक आहेत. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र आणले. हाताळणी, साठवण, वाहतूक, कायदा असे विषयही त्यात सांगितले आहेत. पण चांगले चित्र कसे असावे, हा प्रश्न नियमातून सुटत नाही. तो चित्रकाराने आणि उस्तादाने मिळून सोडवायचा आहे.

साधे उदाहरण मापाचे घेऊ. पॉइंट टू-टूचे लक्ष्य साधारण 25 मीटरवर असते, पण तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तक्त्यावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात आणि सारखेच दिसतात. तेच प्रमाणात काढून बघा. 25 मीटरला 1 सेंटीमीटर धरला, तर नेमबाजापासून लक्ष्य 1 सेंटीमीटरवर येते आणि गोळीची पोच 60 सेंटीमीटर भरते. चित्रकाराला एवढी लांब पट्टी काढावी लागेल आणि लक्ष्यामागच्या 59 सेंटीमीटरांत काय आहे, हेही काढावे लागेल: रेंजचा मातीचा बंधारा, त्यापलीकडचा रस्ता, वस्ती, शाळा. रेंजवर बंधारा का लागतो, हे मग वेगळे समजावून सांगायची गरज उरत नाही.

दुसरे उदाहरण क्रमाचे, आणि इथे चित्राची खरी कसोटी लागते. पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे खेचायची, मग चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि बोटानेही चाचपायचा. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या उलट झाल्या, म्हणजे स्लाइड आधी खेचली आणि मॅगझिन नंतर काढले, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. हातातले मॅगझिन आणि जमिनीवर पडलेली गोळी बघून माणसाला वाटते, झाले रिकामे. पुढच्या क्षणी ट्रिगर दाबला जातो. बहुतेक तक्त्यांवर या पायऱ्या आकडे घालून ओळींत लिहिलेल्या असतात. ओळी वाचून क्रम कळतो, पण तो उलटला तर काय होते ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीला पिस्तुलाचा उभा छेद हवा आणि त्या क्षणी चेंबरमध्ये काय आहे ते भरीव रंगात दिसायला हवे. एका ओळीत बरोबर क्रमाची चित्रे, तिच्याखाली चुकीच्या क्रमाची. खालच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत, बाहेरून रिकाम्या दिसणाऱ्या पिस्तुलात, गोळी बसलेली. असा तक्ता एकदा बघितलेला शिपाई ड्यूटी बदलताना, वाळूच्या पेटीसमोर उभा राहून पिस्तूल रिकामे करताना, त्या शेवटच्या चौकटीची आठवण ठेवेल.

क्रम चित्रात बांधण्याची परंपरा याच मुलखात आहे, म्हणून ही उणीव जास्त खटकते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार दहा स्थितींच्या चित्रमालेतून केला. एका स्थितीतून दुसरीकडे शरीर कसे जाते, हे शाळेतल्या मुलाला कागदावरून उचलता आले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही हातात कुंचला असलेले. यंत्र आणि माणूस एकत्र दाखवण्याची नजर इथे होती. बंदुकीच्या तक्त्यापर्यंत ती पोहोचली नाही.

हल्ली तक्त्यांची जागा फ्लेक्सवर छापलेल्या छायाचित्रांनी घेतली आहे. मला हे पाऊल मागे गेल्यासारखे वाटते. छायाचित्रात लोखंडाची चमक येते, सावली येते, ओरखडे येतात, आणि ज्या एका खटक्याकडे बघायचे तो काळ्यात काळा होऊन हरवतो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे पटवून द्यायला वेळ लागू नये. वानलेस डॉक्टरांच्या काळापासून इथे वैद्यक शिकवले जाते, आणि छायाचित्रे मुबलक असतानाही शरीररचनेचा विद्यार्थी रेषेने काढलेल्या आकृतीकडेच वळतो. काय वगळायचे ते चित्रकाराने ठरवलेले असते, म्हणून ती आकृती शिकवते.

छेदाचे चित्र किती कामाचे, ते बारा बोअरच्या दुनळीत दिसते. बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे बारके काडतूस घातले, तर ते घसरत पुढे जाऊन चेंबरच्या तोंडाशी अडकते. बंदूक उडत नाही. धरणाऱ्याला वाटते, काडतूस घालायचेच राहिले. तो मागून बारा बोअरचे काडतूस घालतो, ते नीट बसते, आणि चाप ओढताच नळी डाव्या हाताजवळ फुटते. वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची रीत यासाठीच पडली. हा सगळा प्रसंग नळीच्या आत घडतो, बाहेरून त्यातले काहीच दिसत नाही. म्हणजे तो छेदातच काढायला हवा. तसा तक्ता निदान माझ्या पाहण्यात या भागात आलेला नाही, आणि दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातात हीच बंदूक असते.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट आणखी अवघड. घाटाकडच्या गावांत पीक राखायला ती अजून वापरतात. तिला मागून उघडायची सोय नाही, त्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी हे बघून कळत नाही. दारू पेटवणारी केप काढली म्हणून बंदूक रिकामी होत नाही, दारू आणि छर्रे आत तसेच राहतात. यावर जुना, जाणकार उपाय आहे तो गजाचा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी आलेल्या जागी त्यावर खूण करायची. नळी भरल्यावर गज जिथे थांबतो तिथे दुसरी खूण. पुढे कुणीही, कधीही, शरीर बाजूला ठेवून गज नळीत सोडला, की कोणती खूण तोंडाशी आली यावरून आतली स्थिती कळते. शस्त्रसुरक्षेच्या साऱ्या दृश्य साधनांत मला हे सर्वोत्तम वाटते. ते शस्त्राबरोबरच राहते, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळते, आणि मराठी, कन्नड, उर्दू असा भेद त्याला नाही. अथणी-कागवाडपासून माणसे येणाऱ्या मिरजेत हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे.

याच जातीचे आधुनिक साधन म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धांतला सेफ्टी फ्लॅग. भडक केशरी रंगाची दोरी किंवा पट्टी नळीत घातलेली असते, म्हणजे रायफल रिकामी आहे हे रेंजच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती सक्तीची आहे. स्पर्धक घडवणाऱ्या रेंजवर जी शिस्त सहज दिसते, ती परवानाधारकांच्या वर्गापर्यंतही यायला हवी. पट्टीची किंमत नगण्य आहे.

पार्श्वभूमीचा विचार मात्र कुठल्याच साधनात मला पुरेसा दिसत नाही. चित्रातले रानडुक्कर मोकळ्या माळावर उभे असते, मागे टेकडी. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात डुक्कर उसात असते, रात्री असते, आणि उसाच्या पलीकडे तोडणी कामगारांची पाले असू शकतात. पिकाच्या हिरव्या भिंतीमागे काय आहे ते दिसत नाही, आणि ती भिंत गोळी अडवतही नाही. इथल्या तक्त्यात ऊस काढलाच पाहिजे, आणि त्यामागे झोपलेले माणूसही. पीकसंरक्षणाचा परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, ही ओळही त्याच चित्राखाली यावी.

मोबाइलवरच्या अ‍ॅनिमेशनने एक मोठे काम केले आहे: शस्त्राच्या आतले भाग हलताना दिसू लागले. पण यातल्या पुष्कळ फिती वेग आणि आवाज यांच्या मोहात सापडतात, आणि रिकामे करण्याची कृती दोन सेकंदांत उरकतात. सिनेमाच्या पोस्टरवर नायकाचे बोट कायम ट्रिगरवर असते. गावोगावच्या मुलांनी बंदूक धरलेला हात बघितला तो तिथेच. त्या हाताला उत्तर देईल असा दुसरा हात, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर सरळ ठेवलेला, तितक्याच मोठ्या आकारात आणि तितक्याच ताकदीने काढणारा चित्रकार अजून पुढे यायचा आहे.

तो इथून यावा असे मला मनापासून वाटते. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांची घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार-पाणी देणारे हे हात एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लाकूड पातळ तासून आत पोकळी राखणे हे त्यांचे रोजचे काम. बोल्ट, चेंबर, काडतूस वेगळे करता येईल असा दुप्पट मापाचा लाकडी छेद-नमुना त्यांच्याकडून करून घेता येईल. तो गोळी झाडू शकत नाही, त्यामुळे कुठल्याही शाळेत नेता येईल. आकृत्यांसाठी कोल्हापूरच्या कलानिकेतनसारख्या संस्थांतले विद्यार्थी आहेत. रंग ठरवताना त्यांनी लाल-हिरव्यावर विसंबू नये, कारण तो भेद न दिसणारे पुरुष प्रत्येक तुकडीत असू शकतात. जिवंत काडतूस भरीव, डमी पट्ट्यांचे, असा भेद रेखाटनातच ठेवावा.

आणि तक्ता छापायला देण्याआधी तो एका नवख्या कॅडेटला दहा मिनिटे बघू द्यावा, मग झाकून डमी रायफल त्याच्या हाती द्यावी. उस्तादाने काही बोलू नये, चित्रकाराने बाजूला बसून नुसते बघावे. हात जिथे अडखळेल, बोट जिथे आत सरकेल, रायफलीचे तोंड जिथे शेजाऱ्याकडे वळेल, त्या पायरीचे चित्र फाडून पुन्हा काढावे.