सोपे करणे आणि झाकून ठेवणे

संगणकाची आज्ञावली लिहिणे हा विषय आता आपल्या शाळा-महाविद्यालयांना नवा राहिलेला नाही. विद्यार्थी पायथनसारख्या भाषेत सरासरी काढू लागतो आणि थोड्याच दिवसांत विचारतो, "सर, हे इंटरनेटवर कसे दाखवायचे?" येथे त्याची गाठ फ्रेमवर्कशी पडते. फ्रेमवर्क म्हणजे तयार चौकट. माहिती साठवणे, ती पडद्यावर मांडणे, कोणाला काय बदलता येईल हे ठरवणे, ही कामे बहुतेक सगळ्या संकेतस्थळांना लागतात. चौकटीत ती आधीच करून ठेवलेली असतात. आपण आपल्या विषयापुरते भरायचे.

अशा चौकटी नवशिक्यांना सोप्या कशा होतील, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे एकाच दिशेने जातात : विद्यार्थ्याला कमी लिहायला लावा, उरलेले चौकटीच्या पोटात घाला. ही दिशा अर्धीच बरोबर आहे, असे मला वाटते. आपल्याकडचेच एक उदाहरण घेऊन ते तपासू.

'फ्रापे' ही चौकट मुंबईत तयार झाली. 'ईआरपीनेक्स्ट' ही व्यवसायाचे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारी मुक्त स्रोत प्रणाली हिच्यावर उभी आहे आणि तिच्याच गरजांतून ही चौकट घडत गेली. पायथन व जावास्क्रिप्ट या दोन भाषांत ती लिहिलेली असून कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिच्यासोबत नवशिक्यांसाठी एक पाठमाला दिलेली आहे. तिच्यात विद्यार्थी एका ग्रंथालयाची देवघेव सांभाळणारी प्रणाली पायरीपायरीने उभारतो.

या पाठमालेचे गुण आधी सांगायला हवेत. ग्रंथालय हा विषय उत्तम निवडला आहे. पुस्तक, सभासद, सभासदत्वाची मुदत, देवघेव या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. नियमही ओळखीचे आहेत : दिलेले पुस्तक परत आल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही, मुदत संपलेल्या सभासदाला पुस्तक मिळत नाही. हे नियम आधी साध्या भाषेत येतात आणि मग पायथनच्या थोड्या ओळींत. आज्ञावली म्हणजे माणसांनी ठरवलेल्या नियमांचे काटेकोर लेखन, हे विद्यार्थ्याला न सांगता कळते.

दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. या चौकटीचा पाया 'डॉकटाइप' नावाच्या कल्पनेवर आहे. एखाद्या नोंदीत कोणते रकाने असतील एवढे आपण सांगायचे. तक्ता, भरण्याचा अर्ज आणि नोंदींची यादी चौकट स्वतः तयार करते. एवढी जादू दाखवून पाठमाला थांबत नाही. ती विद्यार्थ्याला माहितीसाठ्यात डोकावून तयार झालेला तक्ता पाहायला सांगते. तेथे त्याने सांगितलेले रकाने असतात, शिवाय नोंद कोणी केली, केव्हा केली, केव्हा बदलली, हे न सांगितलेले रकानेही असतात. झाकण एकदा उघडून दाखवले की यंत्राची भीती कमी होते. शिक्षकाला हे निराळे सांगायला नको.

उणीव अशी की झाकण फारच थोड्या वेळा उघडते. पहिली अडचण दाराशीच आहे. पहिली नोंद करण्याआधी पायथन, नोड, मारियाडीबी, रेडिस अशी अनेक साधने संगणकावर बसवावी लागतात. यातील प्रत्येकाचे काम आहे, पण ते काम विद्यार्थ्याला कळण्याची वेळ अजून आलेली नसते. खेड्यातल्या शाळेत संगणक जुना आणि जोडणी अधूनमधून तुटणारी असेल, तर उत्साहाचा पहिला आठवडा येथेच संपतो. आणि अपयशाचे कारण न कळल्यामुळे मूल ते स्वतःच्या बुद्धीकडे लावून मोकळे होते.

दुसरी उणीव क्रमाची आहे. ब्राउझर मागणी करतो आणि सर्व्हर उत्तर देतो, हा संकेतस्थळांचा मूळ व्यवहार. तो दिसण्याआधीच येथे तयार अर्ज समोर येतो. तुलनेसाठी 'जँगो' ही चौकट पाहू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात ती जन्मली आणि २००५ साली सर्वांना खुली झाली. तिची पाठमाला पहिल्याच भागात विद्यार्थ्याकडून एक मागणी आणि एका वाक्याचे उत्तर एवढेच करून घेते. माहितीसाठा नंतर येतो. पुढची वाट तेथेही चढाची आहे, पण विद्यार्थी पहिले पाऊल कशावर टाकतो आहे हे त्याला दिसते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे आणि ग्रंथालयाच्या उदाहरणात ती दिसतच नाही. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. त्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पांजरे येथील पावसाचे मिलिमीटरमधील आकडे वृत्तपत्रांत येतात आणि खाली संगमनेर-श्रीरामपूरकडचा शेतकरी ते लक्षपूर्वक वाचतो. त्या परिसरातल्या शाळेने स्वतःचा पर्जन्यमापक ठेवून नोंदींची प्रणाली करायचे ठरवले, तर तारीख, ठिकाण आणि पाऊस असे तीनच रकाने लागतील. फ्रापेमध्ये ते थोड्या वेळात होईल.

आता समजा, पाच दिवसांपैकी चार दिवशी ८०, १२०, १०० आणि ६० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मधल्या एका दिवशी मुसळधार पावसात कोणी पर्जन्यमापकापर्यंत पोचले नाही आणि रकाना रिकामा राहिला. या चौकटीत अंकाचा रकाना रिकामा सोडला की साठ्यात शून्य जमा होते. मोजलेल्या चार दिवसांची सरासरी ९० मिलिमीटर येते. ते शून्य धरून पाच दिवसांची ७२. धोधो पावसाचा दिवस कोरडा ठरला आणि कोणतीही चूक पडद्यावर दिसली नाही.

यात चौकटीचा दोष नाही. ती हिशेबाच्या कामातून घडली आणि हिशेबात रिकामी रक्कम म्हणजे शून्य, हे बहुधा योग्यच असते. विज्ञानात मात्र 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस मोजला नाही' ही दोन अगदी निराळी विधाने आहेत. प्रत्येक चौकट आपल्या जन्मस्थानाचे समज बरोबर घेऊन येते. नवशिक्यासाठी लिहिणाऱ्याने ते समज उघड सांगितले पाहिजेत. जे झाकले ते सोपे झाले असे आपण मानतो. प्रत्यक्षात आपल्या वतीने कोणीतरी घेतलेला निर्णय तेवढा दिसेनासा होतो.

मग शिक्षकाने काय करावे? पहिल्या तासाला संगणक नकोच. वहीत पावसाची नोंद आखावी आणि न मोजलेला दिवस कसा लिहायचा, हे वर्गाने ठरवावे. दुसऱ्या तासाला पायथनबरोबर येणारा छोटा सर्व्हर चालू करावा. त्याला इंटरनेट लागत नाही. मुलांनी बनवलेले साधे पान उघडताच प्रत्येक मागणीची एक ओळ पडद्यावर उमटते. नसलेले पान मागितले की ४०४ हा आकडा येतो. तो खूप ठिकाणी पाहिलेला असतो, अर्थ त्या दिवशी कळतो. तिसऱ्या तासाला चौकट आणावी, पण ती शिक्षकाने एकाच संगणकावर आधी बसवलेली असावी आणि मुलांनी वर्गाच्या जोडणीवरून ती वापरावी. बसवण्याचे काम शेवटी, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी.

चौथ्या तासाला एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवून सरासरी काढायला सांगावी. वहीतले उत्तर आणि संगणकाचे उत्तर जुळणार नाही. मग 'मोजमाप झाले नाही' असा खुणेचा वेगळा रकाना वाढवून, तशा नोंदी सरासरीतून वगळून पाहाव्यात. फ्रापेची पाठमाला मराठीत आणायचे कोणी मनावर घेतले, तर त्याने ग्रंथालयाच्या जोडीला पावसाच्या नोंदीचाही एक पाठ घालावा. शब्दांचे भाषांतर लागेलच. पण त्या रिकाम्या रकान्यात शून्य कोठून आले, हे शोधणारा विद्यार्थी पुढे कोणतीही चौकट कमी वेळात शिकेल आणि तिच्या उत्तरावर आंधळा विश्वास ठेवणार नाही.