‘दाखला’ कुठल्या मेनूत शोधायचा?

वेबसाइटचा मेनू म्हणजे सगळ्यात शेवटी उरकायचं किरकोळ काम, असं संशोधनाला नव्याने लागलेल्या बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. शहापूर तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेला बारावीनंतरच्या मुलांसाठी प्रवेश, शिष्यवृत्ती आणि कागदपत्रांची माहिती देणारी साइट हवी होती. वर्डप्रेस उघडलं आणि एका दुपारीत मेनू तयार. आज त्या मेनूचं आणि ज्या एडिटरमध्ये तो केला त्याचंही परीक्षण करायचंय, कारण दोघांचे दोष एकमेकांत अडकलेले आहेत.

आधी एडिटर. वर्डप्रेसमध्ये मेनू बनवायची स्वतंत्र सोय २०१० साली, ३.० आवृत्तीत आली. पान यादीत टाकायचं, थोडं आत सरकवलं की ते उपमेनूत जाई. दिसायला रुक्ष, पण कोण कोणाच्या पोटात आहे एवढंच ती यादी दाखवायची. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आवृत्तीसोबत नॅव्हिगेशन ब्लॉक आला आणि मेनू पानावर जसा दिसेल तसाच समोर ठेवून हलवता येऊ लागला. सोय मोठी आहे. कोड न येणारा शिक्षकसुद्धा आता मेनू करू शकतो. रचनेची यादी इथेही बाजूला उघडता येते, पण डोळा आपोआप जातो तो दिसण्याकडे. माझी दुपार रंग, अक्षरांचा आकार आणि दोन शब्दांमधलं अंतर यातच गेली.

आणि शब्द? ते मी ‘आपले सरकार’ पोर्टलच्या धर्तीवर ठेवले: ‘महसूल विभाग’, ‘आदिवासी विकास विभाग’ वगैरे. तिथे आधी विभाग निवडायचा, मग सेवा. सरकारच्या बाजूने हे बरोबरच आहे. पण शहापूरच्या कातकरी किंवा ठाकूर मुलाच्या बाजूने बघा. जातीचं प्रमाणपत्र प्रांताधिकारी देतात, म्हणजे महसूल. आणि प्रांत बसतात भिवंडीला (मुरबाडकरांचे कल्याणला). त्याच जातीची पडताळणी मात्र आदिवासी विकास विभागाची समिती करते. त्याच्यासाठी हे एकच काम, ‘जातीचे कागद’. माझ्या मेनूत ते दोन टोकांना गेलं. शिवाय घरात सगळे ‘दाखला’ म्हणतात आणि मी लिहिलं होतं ‘प्रमाणपत्र’. एका मुलाने सगळे मेनू उघडून बघितले आणि शेवटी मलाच विचारलं, “ताई, दाखला कुठंय?” प्रवेशाची मुदत जवळ आलेली असताना हा प्रश्न ऐकणं काही सुखाचं नव्हतं.

पिरोली आणि कार्ड यांनी १९९९ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे कामाला येतो. शिकारी जसा मागावर चालतो, तसा माणूस शब्दांचा माग काढत माहितीपर्यंत जातो. शब्द ओळखीचा नसला की माग तुटतो. महाभूलेखवर दोन्ही गोष्टी बघायला मिळतात. ‘७/१२’ आणि ‘८अ’ हे लोकांच्या तोंडचे शब्द तिथे जसेच्या तसे आहेत. पण बरीच वर्षं पहिल्या पानावर सहा महसुली विभागांमधून एक निवडायला लागायचा. मुरबाडच्या शेतकऱ्याने ‘कोकण’ निवडायचं! भूगोलाने ते चूक नाही, पण माळशेजच्या पायथ्याशी राहणारा माणूस ‘कोकणात चाललोय’ म्हणतो तेव्हा तो रत्नागिरीकडे निघालेला असतो.

आता सातचा नियम. मेनूत सातच्या आसपासच पर्याय असावेत, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल आणि मिलर यांचा १९५६ चा लेख पुढे करेल. तो लेख एकदा वाचाच. तो तात्पुरत्या स्मरणाबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, तो लक्षात कशाला ठेवायचा? लार्सन आणि झेरविन्स्की यांनी १९९८ मध्ये ५१२ पानांची रचना वेगवेगळ्या प्रकारे करून बघितली. आठ-आठ पर्यायांच्या तीन पातळ्या सगळ्यात संथ ठरल्या. सोळा आणि बत्तीस अशा दोन पातळ्या बऱ्या. मी मात्र नियम पाळायचा म्हणून सहा पर्याय ठेवले आणि बाकी सगळं पोटात कोंबलं. अर्थात त्यांचा मजकूर इंग्रजी होता. मराठी शब्दांवर तोच निष्कर्ष लावण्याआधी स्वतः तपासायला हवं, आणि हा कोणाच्या तरी प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

फोनचं तर मी धरलंच नव्हतं. रचना लॅपटॉपवर केली आणि बघणारे सगळे फोनवर. ब्लॉक आपोआप मेनू मिटवतो आणि तीन रेघा ठेवतो. नॉर्म कॉक्स यांनी हे चिन्ह १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलं. आपल्याला ते सवयीचं, पण पहिल्यांदा साइट उघडणाऱ्याला त्या नुसत्या रेघा. चिन्हाऐवजी शब्द दाखवायची सोय ब्लॉकमध्येच आहे. मी ते सेटिंग उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी एडिटर बंद ठेवला. प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या मुलांसमोर टाकल्या आणि म्हटलं, लावा तुम्हाला पटेल तशा. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, खर्च काहीच नाही. एक काळजी घ्या: चिठ्ठीवर तुमचा शब्द लिहिलात तर मुलं तोच परत देतात. म्हणून आधी गप्पा मारा, त्यांचे शब्द टिपा आणि मग चिठ्ठ्या करा. मुलांनी ‘दाखले’ अशी एकच मोठी चळत केली. त्यात बँकेचं पासबुकही टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, “फॉर्मला सगळं एकत्रच लागतं ना!” पासबुक तिथे ठेवायचं की नाही, यावर संस्थेशी माझा वाद अजून चालू आहे.