एसआरसीयू धरा, पण का?

केव्हीएममधलं लॉकिंग शिकायचं तर लिनक्स कर्नलसोबत येणारी लॉकिंगची फाइल वाचावीच. कोणता लॉक आधी, कोणता नंतर, हे ती नेमकं सांगते. एमएमयू-लॉक स्पिनलॉक का? एमएमयू नोटिफायरमध्ये वापरला जातो म्हणून, हेही एका ओळीत आहे. मेमस्लॉटपाशी मात्र फक्त नियम: वाचताना एसआरसीयू धरा. का, ते नाही. आणि आपल्याला तर तेच हवं असतं!

मेमस्लॉटची यादी क्वचित बदलते, पण व्हीसीपीयू ती सतत वाचतात. म्हणजे आरसीयूची जागा. पण गेस्टचं पान स्वॅपमध्ये असेल तर वाचणाऱ्याला मधेच झोपावं लागतं, आणि साध्या आरसीयूत ते चालत नाही. मग रीड-राइट सेमाफोर? पूर्वी तोच होता. त्यात झोपता येतं, पण सगळे वाचक एकाच काउंटरवर लिहितात; व्हीसीपीयू वाढले की ती कॅशलाइन नुसती इकडून तिकडे पळते. एसआरसीयूत काउंटर प्रत्येक सीपीयूचा वेगळा.

भुर्दंड पडतो तो बदल करणाऱ्याला. स्लॉट्स-लॉक हातात धरून त्याला जुने वाचक संपेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून एसआरसीयूच्या आत स्लॉट्स-लॉक मागितला की डेडलॉक. ही मनाई फाइलमध्ये कारणासकट आहे. पण वरचा 'का' माहीत नसेल तर ती नुसती पाठ करावी लागते.