इंजिन मळवायचं कसं?

रुळांचा हिशेब आधी संपवू. ब्रिटिश ‘ओओ’ मॉडेलमध्ये इंजिन फुटाला 4 मिलिमीटर या मापाचं, म्हणजे 76.2 पट लहान. रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचे. गुणून बघा, 1257 येतात. खरी रुंदी 1435! त्या काळच्या मोटारी चिमुकल्या ब्रिटिश इंजिनात मावेनात, म्हणून वरचं शरीर फुगवलं आणि रूळ ‘एचओ’चेच ठेवले.

तरी ही चूक आम्हाला फारशी टोचत नाही. लेआउट आपण बाजूनेच बघतो ना! टोचते ती शेवटची रंगरंगोटी. रिव्हेट मोजून मोजून बसवायचे आणि वर एअरब्रशने सगळीकडे सारखाच तपकिरी फवारा मारायचा, याला आम्ही मेकअप म्हणतो. वाफेच्या इंजिनावरच्या प्रत्येक डागाला कारण असतं. काजळी धुराड्याच्या मागे, वरच्या अंगाला बसते. ब्रेक घासून उडालेली तांबूस धूळ खाली, चाकांपाशी. पाणी गळून वाळलं की क्षारांचे पांढरट ओघळ. आणि जिथे ड्रायव्हरचा हात रोज लागतो, तिथे दांडी उलट चकाकते! फवाऱ्यात हे काही दिसत नाही.

नुसती चकाकी वाईट असं नाही हं. ग्रेट वेस्टर्नच्या एक्सप्रेस इंजिनाला तांब्याची कडा असलेलं लखलखीत धुराडं शोभतं, कारण ते पुसणारी माणसं शेडमध्ये होती. शंटिंगच्या टँक इंजिनाला तीच झळाळी द्याल, तर एवढे हात कुठल्या शेडमध्ये रिकामे होते, हे आम्ही विचारणारच.