दुसऱ्या हाताचं काम

शहागडला बोलायला बोलावलं तेव्हा विषय आम्हीच सुचवला, आणि आयोजकांनी दोनदा विचारलं की, हा विषय नक्की व्याख्यानाचा आहे ना. दोन हातांत दोन शस्त्रं. गेममध्ये, सिनेमात आणि खऱ्या लढाईत. आम्ही दोघांनी मिळून हे बोलणं बांधलंय. आमच्यातल्या एकाचा हात बरीच वर्षं पट्ट्याच्या मुठीत गेलाय, दुसऱ्याचा कंट्रोलरवर. त्यामुळे 'आम्ही' म्हणतो ते थोरपणानं नाही, खरोखरच दोघं आहोत म्हणून. (हशा)

विषय निघाला तो एका मिरवणुकीतून. गावाचं नाव सांगत नाही. शिवजयंतीची मिरवणूक होती, सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा दोन तलवारी घेऊन पुढं आला. धार नव्हती म्हणतात, पण पत्रा तो पत्राच. मोबाईलवर रील बघून शिकला होता. पहिले चार फेर छान झाले, टाळ्या पडल्या, त्याने वेग वाढवला आणि उजव्या हातातली तलवार डाव्या दंडावर आली. टाके पडले, हात वाचला. आम्ही त्याला भेटायला गेलो तर तो म्हणाला, "सर, माझी प्रॅक्टिस कमी पडली." आम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही. प्रॅक्टिस कमी होती हे खरंच. पण ज्या गोष्टीची तो प्रॅक्टिस करत होता ती मुळात लढाईतली आहे का, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

अशा वेळी आपल्याकडे पहिला आरोप गेमवर होतो. 'पोरं मोबाईलमुळे बिघडली.' तर आधी गेमचीच तपासणी करू.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली आलेला टेबलावर बसून खेळायचा खेळ. आजच्या बहुतेक तलवारबाज गेमचा हा आजोबा. त्याच्या नियमांत दोन शस्त्रं घेता येतात, पण त्याची किंमत द्यावी लागते. नियमांच्या आवृत्त्या बदलल्या तरी दुसऱ्या हाताचा वार बहुतेकदा उणाच धरला जातो. 'स्कायरिम' २०११ सालचा. त्यात दोन हातांत दोन तलवारी घेतल्या की मारा दणदणीत होतो, पण वार अडवता येत नाही. अडवायचं बटणच डाव्या हाताच्या वाराला दिलेलं असतं. 'हेलो २' मध्ये, २००४ साली, दोन हातांत दोन बंदुका आल्या. पण दोन्ही हात भरलेले असले की बॉम्ब फेकता येत नाही. फेकायचा तर डावी बंदूक टाकावी लागते. आणि आपल्या पुण्यात तयार झालेला 'राजी' हा २०२० सालचा गेम घ्या. त्यातल्या मुलीच्या हातात त्रिशूळ येतो, धनुष्य येतं आणि तलवारीबरोबर ढाल येते.

म्हणजे गेम करणाऱ्यांना ठाऊक आहे. ते शहाणे आहेत म्हणून नव्हे, त्यांना ठेवावंच लागतं म्हणून. दोन तलवारी फुकट दिल्या तर प्रत्येक खेळाडू दोनच घेईल, ढाल कुणी उचलणार नाही आणि खेळातली गंमत जाईल. म्हणून ते तोल ठेवतात: मारा हवा तर बचाव सोड. लढाईतलं सगळ्यात जुनं गणित त्यांनी हिशेबाच्या धाकानं का होईना, पाळलं. ज्याला आपण नावं ठेवतो त्या गेममध्ये दुसऱ्या तलवारीची किंमत आहे. ज्याला आपण शिट्ट्या मारतो त्या पडद्यावर ती फुकट मिळते. ही आमची मुख्य तक्रार आहे, आणि ती पुढं वाढवणार आहोत.

आता जरा शरीराकडे. सगळ्यांनी उजव्या हातानं हवेत गोल काढा. थांबू नका. आता डाव्या हातानं चौकोन. (हशा) बघा, चौकोनाचे कोपरे गेले. किंवा गोलच चौकोनी झाला. दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी, पूर्ण लक्ष देऊन, माणसाला अवघड जातात. पण दोन हातांनी एकाच कामाचे दोन भाग करणं आपल्या रक्तात आहे. खुरपताना काय करता? डाव्या हातानं गवत धरता, उजव्यानं खुरपं चालवता. ज्वारी काढताना मूठ डावीकडे, विळा उजवीकडे. आणि आपल्या या पट्ट्यातनं दरवर्षी माणसं उसाला जातात, त्यांना विचारा. दोन हातांत दोन कोयते घेऊन कुणी ऊस तोडतं का? डाव्या हातानं ऊस धरायचा, वाकवायचा, उजव्यानं बुडातून तोडायचा. धरणारा हात रिकामा दिसतो, पण तो नसेल तर कोयता नुसता घसरतो.

लढाईतही तेच. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात लांब सरळ तलवार आणि डाव्या हातात खंजीर अशी पद्धत चांगली रुळलेली होती. तो खंजीर समोरच्याची तलवार अडवायला, बाजूला सारायला. मारायची संधी मिळाली तर मारायचा, पण पहिलं काम अडवण्याचं. जपानचा मियामोतो मुसाशी तर दोन तलवारींसाठीच जगभर प्रसिद्ध. पण त्याचं सतराव्या शतकातलं पुस्तक नीट वाचलं तर तो काय सांगतो? एक तलवार लांब, एक आखूड. आणि दोन घेऊन शिकायचं कशासाठी, तर लांब तलवार एका हातानं चालवायची सवय व्हावी म्हणून. घोड्यावर, चिखलात, गर्दीत, दुसऱ्या हातात काही असताना तलवार दोन्ही हातांनी धरता येत नाही, हा त्याचा मुद्दा. म्हणजे दोन तलवारींचा महागुरूसुद्धा खरं तर एका हाताची तालीम देत होता.

आपल्याकडे मर्दानी खेळात 'माडू' नावाचं हत्यार आहे. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडलेली, मधे धरायची मूठ. ते डाव्या हातात. अडवायचं आणि जमलं तर भोसकायचं. ढालीला टोकं फुटली की काय होईल, तर माडू होईल. मराठी भाषेनंही हे कधीच सांगून ठेवलंय. आपण 'ढाल-तलवार' म्हणतो. ढाल आधी, तलवार मागून. 'तलवार-तलवार' असा शब्द आपल्याकडे नाही.

"आणि दांडपट्टा?" असं कुणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं. २०२४ साली दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, आणि दोन हातांत दोन पट्टे हे तर मर्दानी खेळाचं शेवटचं आणि सगळ्यात टाळ्या घेणारं दृश्य. आम्ही ते केलंय, म्हणून त्याबद्दल बोलायचा थोडा अधिकार घेतो.

पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी हातमोजाच. हात आत घालायचा, आडवी दांडी मुठीत धरायची, मनगट कुलूपबंद होतं. पातं लांब, लवचिक. मनगट वळत नाही म्हणून सगळी हालचाल खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून येते. पट्टा हातानं फिरवतात असं बघणाऱ्याला वाटतं, तो पायांनी फिरतो. एका पट्ट्यानं माणूस स्वतःभोवती मोठं रिंगण मोकळं ठेवू शकतो, चारी बाजूंनी घेरला असला तरी. हा त्याचा खरा गुण.

आता दुसरा पट्टा घ्या. आमचाच एक फेर आम्ही मोबाईलवर चित्रित केला आणि सावकाश करून बघितला. एक पातं पुढं कापत येतं तेव्हा दुसरं मागं किंवा वर असतं. असावंच लागतं, नाहीतर दोन्ही एकमेकांवर आदळतील. म्हणजे दोन पट्टे असले तरी एका क्षणाला वार एकच. रिंगण दाट होतं, मधली फट कमी होते, हा फायदा खराच आहे. तो आम्ही नाकारत नाही. पण बदल्यात काय गेलं? दोन्ही हात कोपरापर्यंत लोखंडात. घोड्याचा लगाम धरता येत नाही. पडलेल्या सोबत्याला ओढता येत नाही. तोल गेला तर हात टेकता येत नाही. पट्टा तलवारीसारखा टाकूनही देता येत नाही, आधी हात बाहेर काढावा लागतो. मैदानात प्रेक्षकांपुढं यातलं काहीच आड येत नाही, कारण मैदानात सोबती पडत नाहीत.

हे म्हटल्यानं मर्दानी खेळाचा अपमान होतो असं काहींना वाटेल. आम्हाला उलट वाटतं. दोन पट्टे फिरवणं हे अंग तयार करण्याचं, डावा हात जागा करण्याचं अतिशय कठीण साधन आहे. तालमीत जोर-बैठका मारतात, म्हणून कुणी रणात बैठका मारत नाही. (हशा) तालमीला तालीम म्हणावं, एवढंच.

आता सिनेमा. 'पावनखिंड' २०२२ साली आला, दिग्पाल लांजेकरांचा. अजय पुरकरांचे बाजीप्रभू आम्हाला आवडले. त्या माणसाच्या उभं राहण्यात वजन आहे. आमची तक्रार नटाशी नाही. दोन्ही हातांत शस्त्र घेतलेले बाजीप्रभू सिनेमाच्या आधीपासून आपल्या डोळ्यांत आहेत, पुतळ्यांतून, कॅलेंडरांतून, गणपतीच्या देखाव्यांतून. सिनेमानं ते चित्र हलतं केलं. पण हलतं करताना जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारला नाही: १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत नेमकं काय घडत होतं?

पाऊस, रात्रभराची दौड, चिखल आणि एक अरुंद वाट. पाठलाग करणारे किती का असेनात, एका वेळी पुढं थोडेच येऊ शकतात. त्या अरुंदपणाला धरून मूठभर माणसांनी कित्येक तास फळी टिकवली. फळी म्हणजे खांद्याला खांदा. आता सांगा, त्या गर्दीत डावी-उजवीकडे आपलीच माणसं असताना दोन हातांनी दोन मोठी रिंगणं कशी काढणार? सगळ्यात आधी शेजारचा मावळा कापला जाईल. दोन पात्यांचं चित्र खरं करायचं तर बाजीप्रभूंच्या भोवतीची माणसं पुसावी लागतात. आणि पडदा नेमकं तेच करतो. त्यांचे भाऊ फुलाजी, बांदलांची माणसं, ही सगळी कडेला सरकतात आणि मधे एकटा वीर गरगर फिरत राहतो. एकट्याचा पराक्रम मोठा दाखवण्याच्या नादात त्यांचं खरं काम लहान होतं. दमलेली, भिजलेली माणसं तासन्‌तास जागेवरून हलू न देणं हे दोन तलवारी फिरवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

याच्या शेजारी सभासदाच्या बखरीतला सिंहगड ठेवा. बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, घटनेला तीस वर्षंही झालेली नाहीत. तानाजीची ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. तो काय करतो? खाली पडलेली एखादी तलवार डाव्या हातात घेतो का? नाही. डाव्या हातालाच ढाल करतो आणि त्याच्यावर वार घेतो. सभासद हे दोन ओळींत सांगून पुढं जातो. आमच्या मते मराठीतलं दुसऱ्या हाताचं सगळ्यात खरं वर्णन हेच. अडवायला काही उरलं नाही तेव्हाही त्या हातानं अडवायचंच काम केलं. आणि आजचा कुठलाही दिग्दर्शक त्या जागी दुसरी तलवार देईल, अशी आम्हाला भीती आहे.

आता तुमच्या दारातली गोष्ट. नदी ओलांडली की पलीकडे गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३. निजाम अली आपलं सैन्य घेऊन औरंगाबादकडे निघालेला. गोदावरीला पूर. तो स्वतः काही फौजेसह या अंगाला उतरला, आणि दिवाण विठ्ठल सुंदर बाकीची फौज घेऊन पलीकडेच राहिला. मराठ्यांनी तिथं गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामाकडे त्या दिवशीही दोन हात होते, दोन्हींत शस्त्र होतं, पण मधे नदी होती आणि एक हात दुसऱ्याच्या मदतीला येऊ शकत नव्हता. त्याच लढाईत राघोबादादा शत्रूच्या घेऱ्यात सापडले होते. त्यांना सोडवायला अठरा वर्षांचे माधवराव धावून गेले. काका-पुतण्यात तेव्हा वैर किती होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी डावा हात उजव्याच्या आड आला.

आणि ऊसतोडीतली आणखी एक गोष्ट, जी इथल्या लोकांना सांगायला नको, पण ऑनलाईन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मुकादम जेव्हा 'इतके कोयते' म्हणून मोजतो, तेव्हा एक कोयता म्हणजे एक माणूस नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडतो, एक मोळी बांधतं. एकटा माणूस असला तर त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. या हिशेबात बाईच्या श्रमाचं काय होतं तो वेगळा आणि कडू विषय आहे, त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. पण हत्यार एक आणि त्याच्यामागं माणसं दोन, हे या मातीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

येण्यापूर्वी इथल्याच शाळेच्या पटांगणात आम्ही मुलांबरोबर एक खेळ केला. कागद गुंडाळलेल्या काठ्या. एकाला दोन काठ्या, दुसऱ्याला एक काठी आणि पातेल्याचं झाकण. दोन काठ्यांसाठी भांडणं झाली, झाकण कुणालाच नको होतं. खेळ सुरू झाल्यावर मात्र झाकणवाला बहुतेक वेळा कमी मार खात होता. हे काही संशोधन नव्हे. पण तिसऱ्या फेरीनंतर झाकणासाठी भांडणं सुरू झाली. (हशा, टाळ्या)

एक चिठ्ठी आलीय, वाचून दाखवतो. "मग बाजीप्रभूंच्या डाव्या हातात काय होतं असं तुम्हाला वाटतं?" चिठ्ठी कुणाची आहे ते कळलं, मागच्या रांगेत हात वर आहे. बाळा, खिंडीत पहिल्या तासाला बहुधा ढाल असावी. नंतर ती फुटली असेल, तर जे सापडलं ते. कुणाचा तरी खांदा, कुणाला तरी मागं ओढणं, पुढच्याला सावरणं. त्या मुलाला, ज्याच्या दंडाला टाके पडले, आम्ही हेच सांगायला पुन्हा गेलो होतो. तो आता आमच्याकडे येतो. पहिले तीन महिने त्याला फक्त ढाल दिलीय. चिडलेला आहे, पण येतो.