त्यागाचा भाव कोण ठरवतो?

शिक्रापूरहून न्हावरा, चौफुला करत गेलं की दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच. मी पहिल्यांदा गेलो तो रात्रपाळी उतरून, डोळे चुरचुरत असताना. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली साक्ष वाचली होती, म्हणून गेलो.

रमाबाईंचा त्याग खरा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९३ साली मुली ख्रिस्ताकडे वळतात म्हणून ओरड झाली, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. बाई गप बसल्या असत्या तर पुण्यात मानानं राहिल्या असत्या. नाय बसल्या. त्याहून मोठी गोष्ट मला त्यांच्या बायबलात दिसते. हिब्रू, ग्रीक शिकून केलेलं हे भाषांतर बाई १९२२ साली गेल्यावर, १९२४ ला बाहेर आलं. जिला संस्कृत पुराणं तोंडपाठ, तिनं जड शब्द टाकून साध्या बायकांना कळेल असं मराठी धरलं. खिळे जुळवणाऱ्या केडगावच्याच बाया. पंडितानं पंडिती सोडणं म्हणजे काय, ते आमच्या विद्यापीठातल्या समीक्षकांनी एकदा बघावं.

नारायण वामन टिळकांचंही तसंच. १८९५ चा बाप्तिस्मा सगळे सांगतात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली, हे कमी लोक सांगतात. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' मी पाळीच्या सुट्टीत वाचलं. हसलो, आणि एकदा रडलोही.

मग माझं भांडण कुठं आहे? भांडण आहे मापाशी. सोवळं गेलं, माहेर तुटलं, पंगतीतला पाट गेला, हे पांढरपेशा वाचकाला लगेच दिसतं, कारण ते त्याच्या घरातलं आहे. नगर भागात अमेरिकन मिशनकडं गेलेले महार-मांग मात्र त्याच्या लेखी ज्वारीसाठी बाटलेले. पोटासाठी गेले असतील काही. पण उपाशी माणसाचा विश्वास खोटा आणि जेवलेल्याचा खरा, हा कुठला न्याय?

बरं, त्यांनी काय गमावलं ते कागदावरच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवलं. १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणारा सूसाई नावाचा आदिद्रविड ख्रिस्ती होता. सरकारनं चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, ह्याला नाही; कारण हा ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८५ साली हरला. हिंदू म्हणवला असता तर डोक्यावर पत्रा आला असता. टपरीची किंमत पाटापेक्षा कमी, असं कुणी म्हणावं?

माझ्या पाळीतला एक दोस्त शिरूर तालुक्यातला, मांग ख्रिस्ती. कॉलेजच्या वेळी एका कारकुनानं सांगितलं, "हिंदू लिही रे, शिष्यवृत्ती मिळंल. देव काय फॉर्म वाचतोय?" ह्यानं ख्रिस्ती लिहिलं. कॉलेज सुटलं, मिल लागली. त्याच्याच भावकीत कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चला जाणारेही आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोरांची फी त्यांना भरायची असते.

आता आपल्याकडं. बाबासाहेबांबरोबर १९५६ ला धम्म घेतला, तेव्हा केंद्राच्या सवलतींना मुकण्याची तयारी आपल्या आज्या-आज्यांनी ठेवली. तेव्हापासून १९९० पर्यंत चौतीस वर्षं. हे आपण अभिमानानं लिहितो, लिहावंच. पण तीच कळ सोसणारा शेजारच्या आळीतला ख्रिस्ती आपल्या कवितेत येत नाही. आला तर पाद्र्याच्या मागं जाणारं मेंढरू म्हणून येतो. मीही एका कवितेत तसंच लिहिलं होतं. ती ओळ दोस्तानं वाचली आणि काहीच बोलला नाही.

परवा त्याला म्हटलं, तूच लिही. त्यानं वहीची दोन पानं आणून दिली. एकावर तेलाचा डाग आहे, तेवढी दोन अक्षरं त्याला विचारून घ्यायची आहेत. बाकीची स्टेन्सिल कापायला घेतलीय.